सात नंबरचा दांडा

चुंबक गोल्फच्या क्लबच्या डोक्याला खट्कन चिकटला, पण दांड्याला चिकटला नाही.

संयोगिताने तो सोडवून पुन्हा दांड्याच्या मध्यावर टेकवला आणि हात काढून घेतला. घोड्याच्या नालासारखा तो जुना चुंबक, एका बाजूचा लाल रंग उडालेला, चकचकीत दांड्यावरून घसरला आणि सतरंजीवर पडला. तिने दांडा फडक्याने पुसला, चुंबकाची टोकं पुसली, पुन्हा लावून पाहिला. पुन्हा पडला. मग तिने कात्री घेतली, विळी घेतली, कोयत्याचं पातं घेतलं. सगळीकडे चुंबक नीट चिकटत होता. म्हणजे दोष चुंबकात नव्हता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. घरातली हत्यारं आदल्या दिवशी घासूनपुसून ठेवायची, नवमीला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही पद्धत कराडच्या त्यांच्या आळीत घरोघरी होती. कुणाच्या पाटावर नांगराचा फाळ असे, कुणाच्या पाटावर तलवार. संयोगिताच्या पाटावर कोयता, विळी, कात्री, तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवताना वापरलेला हा चुंबक आणि गोल्फचे क्लब असत.

गोल्फ या घरात लालासाहेबांनी आणला. सुभेदार म्हणून निवृत्त होण्याआधीची काही वर्षं त्यांच्याकडे छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल होती. गावी परतताना बाकीच्यांनी ट्रंका आणल्या, यांनी क्लबांची पिशवी आणली, आणि आल्या आल्या बायकोला खेळायला शिकवलं. "सुभेदार बायकोला हाकी शिकवत्यात," असं आळीत बरेच दिवस चाललं. साखर कारखान्याच्या वसाहतीमागे माळावर नऊ खड्ड्यांचं एक मैदान होतं. निवृत्त फौजी, कारखान्याचे इंजिनिअर आणि दोन डॉक्टर तिथे खेळत. खड्ड्याभोवती हिरवळ राखणं परवडत नाही म्हणून जळकं तेल शिंपडून बसवलेली वाळू असे. त्या मैदानावर पुढे संयोगिताचा सात नंबरच्या क्लबने मारलेला चेंडू नवऱ्यापेक्षा सरळ जाऊ लागला. लालासाहेब ते अभिमानाने सांगत आणि वर म्हणत, "मास्तरीण चेंडू मारत न्हाई, त्येला गणित घालती."

आता ते खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली होती. बोलणं परत आलं होतं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा.

संयोगिताने दाढीच्या पेटीतलं पातं घेतलं आणि पकडीच्या खाली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, दांडा हलकेच खरवडला. चंदेरी रंगाचा पापुद्रा सुटला. खाली काळं होतं. भिंगातून पाहिलं तर बारीक काळे धागे एकमेकांत विणल्यासारखे दिसत होते. पोलादात असं विणकाम नसतं. हा ग्रॅफाइटचा दांडा होता, वरून पोलादासारखा रंगवलेला.

"काय?" लालासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. पूजेची तयारी."

ते तिच्या हातातल्या पात्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. संयोगिताला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिला आठवत होता तो मागच्या वर्षीचा गौरीगणपती. गौरी उठल्या, सांगलीहून आलेला मुलगा राजवर्धन परत निघाला, आणि तिने त्याला ओसरीवर थांबवून घेतलं. बोलायचं म्हणून ती बरेच दिवस शब्द जुळवत होती.

"राजू, यांना दिवसातून किती वेळा उचलावं लागतं तुला ठाऊक आहे. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, परत खाटेवर. मला हे कुठवर जमेल ते माझं मला कळणार नाही. माणूस स्वतःच्या ताकदीबद्दल स्वतःशी खोटं बोलतं. म्हणून मी एक माप ठरवलंय."

"कसलं माप?"

"सहाव्या खड्ड्याच्या आधी ओढा आहे ना? सात नंबरने मारलेला माझा चेंडू आजवर तो ओलांडतो. आता काठावर पडायला लागलाय, पण ओलांडतो. ज्या दिवशी तो ओलांडायचा थांबेल, त्या दिवशी मी तुला सांगीन की आता यांना उचलणं माझ्याच्याने होत नाही. मग आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ."

राजवर्धन थोडा वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मग म्हणाला, "तू तो जुना लोखंडी सेट का वापरतेस अजून? हलके क्लब मिळतात आई. मध्यम वेगाने फिरवणाऱ्यांसाठीच बनवलेले. तुझ्या वयाला तेच बरे."

"चांगले असतात. पण ते घेतले की माप बदलतं. तराजूची दांडी वाकवून वजन कमी होत नाही."

"तू घरातसुद्धा प्रयोगशाळा सोडणार नाहीस," असं म्हणून तो हसला होता. त्यालाच तिने क्लबांची पिशवी दिली होती. दर दसऱ्याआधी पकडीची रबरं बदलायला ती पिशवी सांगलीला चांदसाहेबांच्या दुकानात जाई, तशीच गेली. खंडेनवमीला पिशवी परत आली. "या वेळची रबरं हलकी आहेत, तुला वेगळं वाटेल," असं राजवर्धनने फोनवर सांगितलं होतं.

वेगळं वाटलं होतंच. क्लब हातात अलगद फिरत होता आणि चेंडू ओढ्याच्या कितीतरी पलीकडे जाऊन पडत होता. वर्षभर पडत राहिला. तीस वर्षं पोरींना तिने सांगितलं होतं की एका परिणामाला दोन कारणं दिसली तर आवडतं कारण आधी तपासा, कारण आपण तिथेच फसतो. आणि तिने स्वतः आवडतं कारण उचलून खिशात घातलं होतं. लालासाहेबांना उचलून उचलून आपले दंड भरले, असं ती मैदानावर ऐटीत सांगत होती. मैदान राखणारा कोंडीबा तर म्हणाला होता, "बाई, आता गोल्फ बास. जत्रंत कुस्तीला उतरा. नारळावरची पोरासोरांची न्हाई, शेवटची मोठी धरा."

श्रावणात लालासाहेब तिच्या हातातून सुटले. खुर्चीतून खाटेवर घेताना तिचे हात एकदम रिकामे झाले, जणू कुणी दिवा मालवावा तसे, आणि त्यांची भुवई खाटेच्या कडेवर आपटली. टाके पडले. डॉक्टरांना लालासाहेब म्हणाले, "मीच... घसरलो." घरी आल्यावर संयोगिताने ती फरशी तीन दिवस घासली. साबण राहिला असणार, असं तिने ठरवलं होतं. ताकदीचा प्रश्न तिच्या मनात आला नाही, कारण त्याच आठवड्यात चेंडूने ओढा आरामात ओलांडला होता.

पातं पेटीत ठेवून तिने पेटी मिटली.  

*

नवमीला सकाळी तिने धोंडुबाईंना घरी बसवलं. त्या शेजारच्याच, रोज भाकरी करायला यायच्या. "दुपारपर्यंत येते. यांना उचलायला जाऊ नका, मी आल्यावर बघेन," असं सांगून संयोगिता सात नंबरचा क्लब जुन्या चादरीत गुंडाळून सांगलीच्या एसटीत बसली. कंडक्टरने विचारलं, "मावशी, बंदूक हाय का काय?" ती नाही म्हणाली. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता आणि आष्ट्यापर्यंत तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात तपासली: त्याला ते आधी सांगितलं होतं की नंतर? आधी. गौरी आधी, खंडेनवमी नंतर. यात चूक होण्यासारखं काही नव्हतं.

चांदसाहेबांचं दुकान पेठेमागच्या गल्लीत होतं. रॅकेटच्या तारा ओढणं, बॅटला दोरा गुंडाळणं, कॅरमच्या पट्ट्या बसवणं, सगळं ते स्वतः करत. दाराला झेंडूचं तोरण लागलं होतं, आणि त्यांची मुलगी तहरीम पाट पुसत होती. हत्यारं दुपारी तिथेही पाटावर बसायची. ती पद्धत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली.

"आवं, या या मॅडम! आज तुमी स्वता? राजवर्धनसाहेब कुठं हायत?"

"साहेब नाहीत. मी एकटीच आले." तिने चादर सोडली. "चांदसाहेब, हा दांडा तुम्ही कधी बदललात?"

"गेल्या दसऱ्याला की. साताचाच न्हवं, सगळ्या पिशवीचं बदललं. कसा चाललाय? खांदा दुखायचा थांबला का?"

"कुणाचा खांदा?"

"तुमचा वो. साहेब म्हणाले, आईला लोखंड झेपंना झालंय, पर हलका क्लब घे म्हटलं की राग येतो. तवा दिसायला लोखंडच दिसलं पायजे." चांदसाहेबांचा चेहरा फुलला. "मोटारसायकलीला रंग देणारा माझा मेव्हणा हाय. त्येच्याकडनं तीन हात मारून घेतलं. दांड्यावरचं नाव, नंबर, समदं बुजवलं. खरं सांगा, वळखू आलं?"

"नाही," संयोगिता म्हणाली. "वर्षभर ओळखू आलं नाही."

"मग! वाढदिवसाला आईला सांगून चकित करणार म्हणालं व्हतं. लय हसला आसाल..." तिच्याकडे पाहता पाहता ते थांबले. पाट पुसणारी तहरीमही थांबली.

"सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

"नाही."

चांदसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मला काय ठावं मॅडम. ल्योक आईसाठी करतोय म्हणल्यावर मी कशाला दुसरं काय इचारू?"

"तुमचा दोष नाही. जुने दांडे कुठे आहेत?"

"हायत की. चांगलं पोलाद, भंगारात कोण घालंल? माळ्यावर ठेवल्यात."

"सातचा जुना दांडा परत बसवून द्या. आत्ता. उद्या सकाळी मला तो लागणार आहे."

"आवं, उलटं कशाला? ह्यो चांगला हाय तुमच्यासाठी."

"चांगला आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. त्या ग्रॅफाइटच्या दांड्यावर तिचा राग नव्हता. हाताची ताकद तेवढीच असली तर दांडा जितका हलका, तितकं डोकं वेगाने फिरतं आणि चेंडू लांब जातो. तिच्यासारख्या, ना फार वेगाने ना फार सावकाश फिरवणाऱ्या माणसासाठी असा क्लब म्हणजे सुखच. ज्या दिवशी माप संपलं असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतः असा क्लब विकत घेणार होती. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चांदसाहेबांनी बर्नर पेटवला. डोक्याच्या नळीला आच दिली, आतलं चिकटवायचं सोल्युशन धुरकटलं, आणि एका पिळासरशी रंगवलेला दांडा सुटून आला. तहरीमने माळ्यावरून जुना दांडा काढून दिला. संयोगिताने दोन्ही दोन तळहातांवर धरले. फरक एका लिंबाएवढा असेल. एका लिंबाएवढ्या वजनाने वर्ष गेलं, आणि लालासाहेबांच्या भुवईवर वण आला.

"रातभर भिंतीला उभा ठेवा. सकाळच्याला खुशाल मारा," चांदसाहेब म्हणाले. रंगवलेला दांडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. पैसे घेतले नाहीत. "साहेबांवर लय रागावू नका मॅडम. पोरगं हाय."

राजवर्धनचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. सांगलीला येऊन मुलाच्या घरी न जाता परतण्याची तिची ही पहिलीच वेळ. रस्त्यावर झेंडूचे ढीग लागले होते. एका बाईने पुढे केलेलं तोरण तिने घेतलं, आणि स्टँडवर येऊन बसली.

संध्याकाळी पाटावर तिने सगळी हत्यारं मांडली. सात नंबरचा क्लब उभाच राहायला हवा होता म्हणून तो भिंतीला टेकवून तिथेच त्याला हळदकुंकू लावलं. चुंबक मध्ये ठेवला. दांड्याला लावून पाहण्याची गरज नव्हती, तरी तिने लावून पाहिला. चिकटला.

*

दसऱ्याला राजवर्धन सकाळीच आला. अंकिता, त्याची बायको, माहेरी जतला गेली होती. हातात आपट्याची डहाळी, अंगात नवा झब्बा. वडिलांच्या पायांना हात लावून "सोनं घ्या, बाबा" म्हणाला, आणि नेहमीसारखा खाटेपासून दोन हात लांबच्या खुर्चीवर बसला. लालासाहेबांच्या लुंगीला, उशीला, त्या खोलीतल्या औषधांच्या वासाला तो पाहुण्यासारखा बिचकायचा. संयोगिताला ते पूर्वीही दिसत होतं. तिने त्याला नाव दिलं नव्हतं, एवढंच.

"राजू, जरा आत ये."

स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगलेला होता. खाली ओट्यावर वर्तमानपत्र उलगडून ठेवलं होतं आणि त्यावर रंगवलेला दांडा, खरवडल्या जागी काळा.

राजवर्धनने तो पाहिला. नळ ठिबकत होता, तो त्याने आधी बंद केला.

"कधी कळलं?"

"परवा."

"तुला बरं वाटावं म्हणून केलं, आई. चेंडू काठावर पडायला लागला तेव्हा तुझा चेहरा बघितला होता मी. तू मानाने खेळलीस ना वर्षभर?"

"मला बरं वाटावं म्हणून बदलला असतास तर वरचं नाव बुजवलं नसतंस."

त्याने वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली.

"तुला मी सांगितलं होतं, ते माझं माप आहे. तेव्हा तुला नीट समजलं होतं. मी विचारते ते एवढंच. नसेल समजलं तर तसं सांग, मी विश्वास ठेवीन."

तिने खरंच ठेवला असता. तो क्षणभर त्या सवलतीकडे पाहत राहिला, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग त्याने ती नाकारली, आणि त्याबद्दल पुढे तिला थोडा आधार वाटला.

"समजलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, आई. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. वर दुसरा मजला..."

"लिफ्ट आहे तुमच्याकडे."

"आहे." त्याने ओट्याची कड धरली. "मला भीती वाटली. बाबांना मोरीत न्यायचं, धुवायचं. ज्या माणसाने मला पहाटे उठवून कॅनॉलवर पळायला लावलं, त्याची लुंगी बदलायची. तू करतेस तोवर मला ते बघावं लागत नाही. अजून एक वर्ष जाऊ दे, असं वाटलं. एकच वर्ष."

"श्रावणात ते माझ्या हातातून पडले."

"घसरले ना? बाबा म्हणाले..."

"माझ्या हातातून पडले. मी तीन दिवस फरशी घासत होते, राजू. मी साबणाला दोष दिला. तू फोनवर म्हणालास, पायपुसणं बदल. पायपुसणं!"

तिचा आवाज चढला नव्हता. राजवर्धन तिच्याकडे बघू शकला नाही. त्याने दांडा उचलला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला, जसा उचलला होता तसाच.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"यांना गाडीत घ्यायचं. मैदानावर जायचंय. आज सीमोल्लंघन आहे."

*

त्या मैदानाचं सीमोल्लंघन लालासाहेबांनी सुरू केलं होतं. गावातली माणसं दसऱ्याला वेशीबाहेर जातात, आपण ओढ्यापलीकडे चेंडू धाडायचा. प्रत्येकाने एकेक चेंडू मारायचा आणि मग एकमेकांना सोनं द्यायचं. तेव्हापासून ते चालत आलं होतं. लालासाहेबांना खेळता येईनासं झालं तरी दसऱ्याला, आणि एरवीही दर आठवड्याला संयोगिता खेळायला जाई तेव्हा, त्यांची चाकांची खुर्ची सहाव्या खड्ड्याच्या सुरुवातीला, कडुलिंबाखाली लावलेली असे.

त्यांना गाडीतून खुर्चीत घ्यायची वेळ आली तेव्हा संयोगिता बाजूला उभी राहिली. राजवर्धनने दोनदा तिच्याकडे पाहिलं. मग तो वाकला, वडिलांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. वेडंवाकडं उचललं, त्यांचा एक पाय दाराच्या कडेला अडकला, पण उचललं.  लालासाहेबांची मान मुलाच्या खांद्यावर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

माळावर पावसानंतरचं गवत गुडघ्याला लागत होतं. फक्त खेळायची पट्टी कोंडीबाने कापली होती. एकेकाने चेंडू मारले. काही गेले, एका डॉक्टरांचा पाण्यात पडला.

"डॉक्टर, वड्याला इंजेक्शन दिलं व्हय?" कोंडीबा ओरडला, आणि सगळे हसले. "चला बाई, तुमी दावा आता. गेल्या साली पार बाभळीपातुर गेलता."

संयोगिताने चादरीतून क्लब काढला. चेंडू ठेवला, पाय रोवले, ओढ्याकडे पाहिलं आणि क्लब मागे नेला. वर पोचल्यावरच तिला कळलं. पोलादाचं ओझं खांद्यापाशी थांबलं, खाली यायला तिला ते ओढावं लागलं. टणक, ठसठशीत आवाज झाला. चेंडू सरळ गेला, सुरेख सरळ गेला, आणि ओढ्याच्या अलीकडेच खाली येऊन पाण्यात पडला.

कुणी हसलं नाही. कोंडीबा चुळबुळला. "वारा हाय बाई. पुन्यांदा मारा. ह्यो धरायचा न्हाई."

वारा नव्हता. पण एका चेंडूवरून काही ठरत नाही, हेही खरं होतं. तिने दुसरा ठेवला. तोही गेला तसाच सरळ, आणि पाण्यात. तिसऱ्याला तिने सगळा जीव लावला. तो काठाच्या दगडावर आपटून उडाला, क्षणभर पलीकडे जाईलसा वाटला आणि मागे येऊन ओढ्यात पडला.

"आई, बास," राजवर्धन म्हणाला.

कडुलिंबाखालून लालासाहेबांचा आवाज आला. "जुना... आवाज."

संयोगिता वळली. ते हसत होते, डाव्या गालाने, आणि त्यांचे डोळे भरले होते. "पोलादाचा. बरा... वाटला."

तिच्या हातातला क्लब जड झाला. सकाळपासून तो जड होताच, पण हे वेगळं होतं. ती खुर्चीपाशी गेली. ज्या माणसाने आयुष्यभर क्लबांचे आवाज ऐकले होते, तो वर्षभर दर आठवड्याला या झाडाखाली बसत होता. चुंबकाची गरज तिला होती. त्यांना नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

लालासाहेबांनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खोटं बोलायला त्यांना फार शब्द लागले असते.

"व्हय."

"केव्हापासून?"

"पयल्या... चेंडूपासनं."

"आणि पडलात तेव्हाही बोलला नाहीत."

त्यांनी डावा हात उचलून माळाकडे, कारखान्याच्या धुरांड्याकडे, खाली कराडच्या दिशेने फिरवला. "सांगली... नको," ते म्हणाले. "इथंच... बरं हाय." मग बऱ्याच वेळाने, एकेक अक्षर ओढत, "तू... व्हतीस की."

म्हणजे दोघांनीही तिचाच आधार धरला होता, आणि दोघांनीही तिला विचारलं नव्हतं. एकाने लिंबाएवढं वजन काढून घेतलं होतं आणि दुसऱ्याने त्याचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. तिला या क्षणी रडू यायला हवं होतं. त्याऐवजी दोन वर्षं पाठीत साठलेला थकवा तिला पहिल्यांदाच नेमका जाणवला, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेही.

आणि आणखी एक गोष्ट तिला स्वच्छ दिसली. ओढा हेसुद्धा एक निमित्तच होतं. बोलायचं काम तिने चेंडूवर ढकललं होतं. चेंडू बोलत नाही.

बाकीचे लोक आपट्याची पानं हातात घेऊन जरा लांब थांबले होते, पुढे यावं की नाही ते न कळून. कोंडीबा पाण्यातले चेंडू काढायला ओढ्यात उतरला होता. संयोगिताने क्लब गवतावर ठेवला, लालासाहेबांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि त्यांचा उजवा, काही न कळणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अहो, मला तुम्हाला उचलता येत नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "गेल्या वर्षीच येत नव्हतं. आजपासून मी उचलणार नाही." आणि मान न वळवता पुढे म्हणाली, "राजू, संध्याकाळी गाडीत मागची जागा मोकळी ठेव. आम्ही दोघं तुझ्याबरोबर सांगलीला येतोय."